अहिल्याताईंचे दोन प्रश्न

अहिल्याताई शेवड्यांकडे कोर्टाचं पत्र आलं ते २००४च्या डिसेंबरात. त्यांना पहिल्यांदा आठवल्या त्या दह्याच्या डब्या.

"अहो, त्या डब्यांचं तर नसेल?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. आदल्याच आठवड्यात त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्या कचऱ्याच्या चुकीच्या पिशवीत टाकल्या होत्या आणि तळमजल्यावरच्या बाईंनी त्या धुऊन, पुसून त्यांच्या दारात आणून ठेवल्या होत्या.

पद्माकरकाकांनी चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचलं. "डब्यांचं नाही," ते म्हणाले, "तुला न्यायाधीश केलंय."

मी त्यांच्याकडे ढोकळ्याचं पात्र परत द्यायला गेले होते. मी हसले, अहिल्याताईही हसल्या. काका मात्र हसत नव्हते. त्यांना खरंच धक्का बसला होता. चौतीस वर्षं लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात काढलेला, जर्मन व्याकरणाची पुस्तकं कोळून प्यायलेला माणूस तो. आणि सरकारने निवड केली ती बायकोची.

जर्मनीत मोठ्या खटल्यांना काळ्या झग्यातल्या न्यायाधीशांच्या शेजारी दोन साधी माणसं बसतात. बेकरीवाला, शाळामास्तर, गृहिणी, कुणीही. त्यांना श्योफे म्हणतात, बाई असेल तर श्योफिन. कायद्याचं शिक्षण लागत नाही, नागरिकत्व लागतं. झगा मिळत नाही, पण मताला किंमत न्यायाधीशाच्या मताइतकीच. अहिल्याताई ज्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या, तिथल्या मुख्य बाईंनी नगरपालिकेच्या यादीसाठी त्यांचं नाव परस्पर सुचवलं होतं. कारण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, 'शांत आहेत, आणि सगळं बघतात.'

"मला कुठे येतं कोर्टातलं जर्मन?" अहिल्याताई म्हणाल्या.

"तुला स्वयंपाकघरातलं तरी कुठे येतं?" काका म्हणाले. "जाऊन बस चार वर्षं. तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

हे त्यांचं नेहमीचंच होतं. अहिल्याताई एकाहत्तर साली मिरजेहून लग्न होऊन आल्या, मॅट्रिक आणि शिवणाच्या दोन परीक्षा एवढ्या शिदोरीवर. काकांनी त्यांना रोज संध्याकाळी व्याकरण शिकवायला घेतलं. नामाच्या आधी लावायच्या त्या तीन शब्दांवरून, डेर, डी आणि दासवरून, इतक्यांदा रडवलं की तिसऱ्या महिन्यात त्यांनी पुस्तक माळ्यावर टाकलं. पुढे मुलगा शाळेत गेल्यावर त्या वृद्धाश्रमात बटाटे सोलायला लागल्या, आणि तिथल्या म्हाताऱ्यांकडून, भांडी घासणाऱ्या बायकांकडून त्यांनी जी भाषा उचलली ती थेट तिथल्या गावरान वळणाची. भाजीवाला त्यांच्याशी तासभर गप्पा मारायचा. काकांशी तो "गूटन टाग, हेर डॉक्टर" म्हणून गप्प व्हायचा.

आता पुण्यात सोळाव्या मजल्यावर बसून मला ते दिवस आठवतात तेव्हा आधी आठवते ती त्यांच्या जिन्यातली संमिश्र वासांची हवा. तळमजल्यावर कोबी शिजत असायचा, दुसऱ्या मजल्यावर अहिल्याताईंचा गोडा मसाला, आणि खिडकी उघडली की कारखान्याचा तो गोडसर, जरासा जळकट वास. आम्ही २००३मध्ये तिथे गेलो. माझ्या नवऱ्याची, यशोधनची, सॉफ्टवेअरची नोकरी, मुलगी अन्वी चार वर्षांची. मला भाषा येत नव्हती, दिवस खायला उठायचा. अहिल्याताईंनी मला मंगळवारच्या बाजारात नेलं, कुठल्या तुर्की दुकानात मेथीसारखी मेथी मिळते ते दाखवलं, आणि रविवारी दुपारची कॉफी त्यांच्याकडेच, असा नियम करून टाकला. माझं तिथलं सगळं सुख त्या एका घरातून सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल.

पहिलं दीड वर्ष त्यांच्या वाट्याला किरकोळ खटले आले. चोऱ्या, मारामाऱ्या. त्या निळा कोट घालून जायच्या, डब्यात पोळीभाजी न्यायच्या आणि संध्याकाळी येऊन सांगायच्या, "आज एकाला दोन वर्षं दिली गं. पोरगेलाच होता. घशाखाली घास नाही उतरला." त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं. श्योफेला साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क असतो, पण तो वापरायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

मग २००६च्या ऑक्टोबरात रेनाटे के.चा खटला आला.

पेपरात आरोपीचं आडनाव छापत नाहीत, नुसतं अक्षर. 'रेनाटे के. (५४), नवऱ्याच्या डोक्यात लोखंडी पॅन घातलं.' नवऱ्याचं नाव वर्नर. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचत बसला होता, तिच्याकडे पाठ करून. एकच घाव, आणि तो गेला. तिने स्वतःच पोलिसांना फोन केला. मारलं हे ती नाकारत नव्हतीच. प्रश्न होता की याला म्हणायचं काय.

"चल ना तू पण," अहिल्याताई मला म्हणाल्या. "लोकांना बसायला बाकं असतात. ओळखीचा एक चेहरा समोर दिसला की मला धीर येतो."

म्हणून मी गेले. कोर्ट शेजारच्या गावात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. वाटेत चेस्टनटची पानं पडलेली. सरकारी वकिलांनी उभं राहून आरोप वाचला. जर्मन मला तोवर बरंच कळायला लागलं होतं, तरी एक शब्द मी पहिल्यांदा ऐकला, हाइमट्युके. आपल्याकडे खून आणि सदोष मनुष्यवध असे दोन भाग आहेत, तसे तिथेही दोन आहेत, मोर्ड आणि टोटश्लाग. पण फरक करण्याची रीत वेगळी. आधी ठरवून मारलं का, एवढ्यावर तिथे थांबत नाहीत. कशासाठी मारलं आणि कसं मारलं, हे बघतात. माणूस बेसावध आहे, त्याला स्वतःला वाचवता येणार नाही, हे ओळखून आणि त्याचाच फायदा घेऊन मारलं तर ती हाइमट्युके. म्हणजे मोर्ड. आणि मोर्डला शिक्षा एकच, जन्मठेप. न्यायाधीशाला दया आली तरी हात बांधलेले. टोटश्लागला मात्र पाच ते पंधरा वर्षं, आणि संतापाच्या भरात, अपमान सहन न होऊन घडलं असेल तर आणखी कमी.

"बाई ओट्याखालच्या खणाशी गेल्या," सरकारी वकील म्हणाले. "खण उघडला. त्यातलं सगळ्यांत जड भांडं निवडलं. चार पावलं चालून, पेपर वाचत असलेल्या माणसाच्या मागे उभ्या राहिल्या."

ते ऐकताना मलाही ती चार पावलं ऐकू आल्यासारखी वाटली.

रेनाटे राखाडी स्वेटर घालून बसली होती. ती काही बोलली नाही. तिच्या वकिलाने दोनच वाक्यं वाचून दाखवली. त्यांची मुलगी तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली होती. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर वर्नर म्हणाला, 'तुझ्या हातचं खाऊन खाऊनच ती गेली.' त्यावरून बोलाचाली वाढली, आणि मग पॅन तिच्या हातात होतं. ते कुठून आलं, तिला आठवत नाही.

"सोयीस्कर विसर," सरकारी वकील पुटपुटले. अध्यक्ष न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या. त्यांनी वकिलांकडे नुसतं बघितलं.

दुसरा श्योफे शहरातला एक माळी होता. त्याला राहवलं नाही. "असं कुणी मला म्हटलं असतं तर मी पण..." एवढंच तो बोलला आणि अध्यक्ष बाईंनी हात वर केला. लगेच सुट्टी जाहीर झाली, सगळे आत गेले. तिथे मनातलं मत असं बोलून दाखवलं की श्योफेला काढता येतं, आणि खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो. माळी परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याला ठेवलं होतं, पण ताकीद देऊन. अहिल्याताई त्याच्याकडे बघून आणखीच आक्रसून बसल्या.

दुपारी फोटो बघायची वेळ आली. श्योफेंना खटल्याची फाइल वाचायला देत नाहीत. त्यांनी फक्त कोर्टात डोळ्यांसमोर येईल तेवढ्यावर मत बनवायचं. म्हणून सगळे, दोन्ही बाजूंचे वकील, तज्ज्ञ, अध्यक्ष बाईंच्या टेबलाभोवती गोळा झाले आणि वर्गातल्या मुलांसारखे वाकून फोटो बघायला लागले. मला लांबून काही दिसत नव्हतं. दिसत होती ती अहिल्याताईंची पाठ, निळा कोट. बाकीचे सगळे पुढच्या फोटोकडे वळले तरी त्या आधीच्याच फोटोवर वाकून होत्या.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय होतं एवढं?"

"ओटा," त्या म्हणाल्या.

पुढची सुनावणी आठ दिवसांनी होती. मधल्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे कॉफीला गेलो. अहिल्याताईंनी रव्याचा केक केला होता, तो खालून लागला होता. असं कधी व्हायचं नाही. काका म्हणाले, "कोर्टाचा परिणाम." पेपरच्या कडेवर काहीतरी लिहिलेलं अहिल्याताईंनी काकांसमोर सरकवलं.

"अहो, हे वाक्य बरोबर आहे का बघा."

काकांनी वाचलं. "'तुम्ही आलात तेव्हा शेगडी गरम होती का?' कुणाला विचारायचंय?"

"सांगायचं नाही."

"म्हणजे कोर्टात!" काका खुर्चीत सरसावले. "अगं, असं नाही विचारत. तिथे पोटवाक्यं लागतात. दे इकडे." त्यांनी पेन काढलं आणि वाक्य सुधारायला घेतलं. पाच मिनिटांनी कागदावर चार ओळींचं एक वाक्य तयार झालं होतं. त्यात 'आपल्या आगमनाच्या क्षणी' होतं, 'सदर उपकरण' होतं, आणि क्रियापद पार शेवटी, रांगेत ताटकळलेल्या माणसासारखं.

"वाच," काका म्हणाले.

अहिल्याताईंनी वाचलं. निम्म्यात श्वास संपला.

"पुन्हा."

"मला नाही व्हायचं हो हे."

"तर मग विचारूच नकोस. तीन न्यायाधीश आहेत तिथे, शिकलेले. शेगडी गरम होती का, हे त्यांना सुचलं नसतं?"

"नसेल सुचलं," अहिल्याताई म्हणाल्या. "त्यांच्या घरी भांडी मशिनमध्ये जातात."

यशोधन मोठ्याने हसला. काका नाही हसले. "आणि चुकलं काही तर? त्या माळ्याचं झालं तसं तुझं झालं तर? तू त्या बाईच्या बाजूची आहेस असं म्हणतील. तुला काढतील. त्या बाईचा खटला सहा महिने लांबेल, तेवढे दिवस ती कोठडीत. हे तुझ्या डोक्यावर घेणारेस?"

अहिल्याताईंनी केकच्या तळाची काळी कड सुरीने खरवडून काढली आणि आमच्या बशांत तुकडे वाढले. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्या सिंकशी नुसत्याच उभ्या होत्या.

"मीनल, मला खटल्याबद्दल काही बोलता येत नाही तुझ्याशी," त्या म्हणाल्या. "पण एवढंच सांगते. मी गप्प बसले आणि त्या बाईला जन्मठेप झाली ना, तर ती मी दिलेली असेल."

दुसऱ्या सुनावणीला आधी वर्नरच्या आईची साक्ष झाली. ऐंशी ओलांडलेल्या, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात पर्स घट्ट धरलेली. मुलगा कसा होता, असं कुणी त्यांना विचारलंच नाही. नवरा-बायकोत भांडणं व्हायची का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हायची. सगळ्यांची होतात." मग त्या येऊन माझ्याच बाकावर बसल्या.

नंतर पोलीस आला, घरात सगळ्यांत आधी पोचलेला. तरुण, भला माणूस. दार बाईंनीच उघडलं, त्यांच्या अंगावर ॲप्रन होता, खण उघडा होता, पॅन जमिनीवर पडलं होतं. न्यायाधीशांचे प्रश्न झाले, वकिलांचे झाले. अध्यक्ष बाईंनी रिवाजाप्रमाणे डावीकडे, उजवीकडे बघितलं. "श्योफेंना काही विचारायचंय?" माळ्याने नकारार्थी मान हलवली. त्या पोलिसाला जायला सांगणार, एवढ्यात अहिल्याताईंचा हात वर गेला. पूर्ण वर नाही, खांद्याइतकाच.

"बिट्टे, फ्राऊ शेवडे, विचारा," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. काकांचं चार ओळींचं वाक्य. त्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी कागद पालथा घातला.

"ती शेगडीची प्लेट," त्या त्यांच्या गावरान जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा गरम होती का थंड?"

व्याकरण चुकलं होतं, ते मलाही कळलं. पोलिसाने ओठ दाबले, आठवायला लागला. "गरम," तो म्हणाला. "हो, चालूच होती. मीच बंद केली. आग लागू नये म्हणून आम्ही आधी तेच बघतो."

"वर काय होतं?"

"काही नाही. रिकामी होती."

"जेवण झालेलं?"

"हो. भांडी सगळी धुऊन झालेली. मला वाटलं, बाई बंद करायला विसरल्या."

"डांके," अहिल्याताई म्हणाल्या आणि मागे टेकल्या. फोटोवरून त्या आधीच काय समजल्या होत्या, ते मला नंतर कळलं. फोटोतल्या खणात स्टीलची भांडी आणि झाकणं होती, कोरडी, पुसून लावलेली. खण उघडा होता तो भांडी आत ठेवायची चालली होती म्हणून. पण लोखंडी भांडं कुणी पुसून खणात टाकत नाही. ते ओलं राहिलं की गंजतं. मिरजेचा तवा असो की जर्मनीतलं पॅन, धुतलं की विस्तवावर ठेवायचं, पाणी उडून जाईस्तोवर. ती चार पावलं, ते खणातून निवडून काढणं, हे घडलं नसावं. पॅन तिच्या हाताशीच होतं, सुकत.

अध्यक्ष बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. सरकारी वकील म्हणाले, "याचा आरोपाशी काय संबंध, ते माझ्या ध्यानात येत नाही." अध्यक्ष बाई म्हणाल्या, "माझ्याही अजून पूर्ण आलेलं नाही. पुढचे साक्षीदार."

पुढचे होते डॉक्टर. त्या रात्री रेनाटेला कोठडीत टाकण्याआधी त्यांनी तपासलं होतं. रक्तदाब, मनःस्थिती, दारू प्यायली नव्हती वगैरे सगळं कागदावरून सरळ सुरात वाचत गेले. शेवटून दुसऱ्या ओळीला ते म्हणाले, "उजव्या तळहातावर भाजल्याचे ताजे फोड, दोन बोटं रुंद पट्टा. स्वयंपाक करताना झालेले असावेत. प्रकरणाशी संबंध नाही."

मी अहिल्याताईंकडे बघितलं. हा प्रश्न कागदावर नव्हता. हा प्रश्न काय असेल ते रविवारी त्यांनाही माहीत नव्हतं. रेनाटेने आपला उजवा हात टेबलाखाली नेला होता. जखम कधीच भरली होती, तरी.

या वेळी त्यांनी हात वर केला नाही. अध्यक्ष बाईंनीच त्यांच्याकडे वळून बघितलं.

"हेर डॉक्टर," अहिल्याताई म्हणाल्या. "फोड नुसते तळव्याला होते? का बोटांना पण? आतून?"

डॉक्टरांनी कागद उलटला. तिथे एक हाताचं चित्र काढलेलं असावं. "बोटांनाही. चारही बोटांच्या आतल्या बाजूला."

"म्हणजे हात लागला, की..." त्यांना शब्द सापडेना. त्यांनी उजव्या हाताची मूठ आवळून दाखवली. "असं?"

डॉक्टर त्या मुठीकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "असं. गेनाऊ, अगदी असंच. गरम वस्तू मुठीत घट्ट धरल्यावर होतात तसे. आणि लगेच सोडलेली नाही."

"डांके."

अध्यक्ष बाईंनी फोटोंची फाइल पुन्हा मागवली. सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. या वेळी बोट फोटोवर कुणी ठेवलं ते मला दिसलं नाही, पण अध्यक्ष बाई वाचून दाखवल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "शेगडीच्या वर खिळ्याला, भांडं धरायची विणलेली दोन फडकी. जागच्या जागी."

ज्या बाईने तीस वर्षं त्या ओट्याशी काढली, ती शांत डोक्याने ते पॅन उचलायला गेली असती तर तिचा हात आपसूक आधी फडक्याकडे गेला असता. विचार करून नव्हे, सवयीने. तिथे विचारही नव्हता आणि सवयही उरली नव्हती. आणि आणखी एक. अध्यक्ष बाईंनी बचावाच्या वकिलाला विचारलं, त्याने रेनाटेशी कुजबुज केली आणि सांगितलं, पॅन सुकायला दोन मिनिटं ठेवतात. पण पॅनची लोखंडी मूठ इतकी तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते दोघे काय करत होते? पॅनचं भान सुटावं असं काहीतरी चाललं होतं. वर्नर स्वस्थपणे, बेसावध पेपर वाचत होता, हे चित्र तिथून डळमळायला लागलं.

तिसऱ्या दिवशी भाषणं झाली. सरकारी वकिलांनी आपल्या भाषणात मोर्ड हा शब्द उच्चारला नाही. टोटश्लाग म्हणाले आणि नऊ वर्षं मागितली. पडेल चेहऱ्याने नव्हे हं, सरळपणे. मला त्या माणसाचं त्या क्षणी कौतुक वाटलं. मग पाचही जण आत गेले. आत काय बोललं गेलं, कोण कुठल्या बाजूला होतं, हे मला माहीत नाही. ते आयुष्यभर गुप्त ठेवायचं असतं. काकांनी नंतर नाना तऱ्हांनी विचारून बघितलं, एकदा तर आजारपणाचं निमित्त करून. "अहो, झोपा," एवढंच उत्तर त्यांना मिळालं.

निकाल उभं राहून ऐकायचा असतो. टोटश्लाग, संतापाच्या भरात घडलेलं, कमी तीव्रतेचं. सहा वर्षं. रेनाटे खाली बसली ती जरा उशिराच, सगळे बसल्यावर. तिने न्यायाधीशांच्या टेबलाकडे, त्या निळ्या कोटाकडे एकदाही बघितलं नाही. तेच बरोबर होतं म्हणा.

मला वाटलं होतं, अहिल्याताई हलक्या होऊन बाहेर येतील. मी तर मनात केकच आणायचं ठरवून ठेवलं होतं, बेकरीतला, चेरीचा. त्या बाहेर आल्या त्या चेहरा उतरलेल्या. आम्ही स्टेशनवर आलो. चार वाजले होते, ऊन कोवळं, फलाटावर शाळेची मुलं. गाडीला सात मिनिटं होती.

बाकावर वर्नरची आई बसली होती. तीच लोकरीची टोपी, तीच पर्स. आम्हाला बघून त्या उठल्या. मला वाटलं, दुसरीकडे जाऊन बसणार. त्या सरळ अहिल्याताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. उंचीने दोघी सारख्याच होत्या.

"तुम्ही पॅनबद्दल विचारलंत," त्या म्हणाल्या. "फोडांबद्दल विचारलंत. शेगडीबद्दल विचारलंत."

अहिल्याताईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"वर्नरबद्दल कुणी काही विचारलं नाही. तीन दिवस. तो पाठ करून बसला होता, एवढंच. त्याला नुसती पाठच होती जणू." त्यांनी पर्स छातीशी धरली. "सहा वर्षं. ठीक आहे. असेल कायद्यात. मी कोर्टाला काही म्हणत नाही. रेनाटे माझी पण... नात गेली तेव्हा तिने मला पण सांभाळलं. पण तो असं बोलला असेल? माझा मुलगा? असं?"

मी अहिल्याताईंच्या कोपराला हात लावला. निकालावर त्यांना काही बोलता येत नव्हतं, आणि त्यांना बोलायचं असतं तरी मी बोलू दिलं नसतं. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"मला नाही माहीत, फ्राऊ," त्या त्यांच्या त्याच मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तिथे विचारता येत होतं, तेव्हा मला सुचलं नाही. आता विचारते. कसा होता?"

म्हातारी बाकावर बसली, आणि शेजारची जागा पर्सने झाडून रिकामी केली. अहिल्याताई बसल्या. म्हातारी सांगायला लागली, आधी तुटक, मग न थांबता. युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी झालेला, घरात कोळसा नव्हता, तर त्याला ओव्हनच्या दारात ठेवून उबेत वाढवलेला. पोटफुगी होती लहानपणी. आठव्या वर्षी शेजारच्या पोराला खोटं बोलून वाचवलं होतं आणि मार खाल्ला होता. लग्नात इतका रडला की रेनाटेने स्वतःचा रुमाल दिला. मुलगी गेल्यावर बोलणंच सोडलं होतं त्याने, आणि बोलायचा तेव्हा असलंच काहीतरी.

इथे त्या थांबल्या. आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. अहिल्याताईंनी मान वर केली नाही, मान डोलावलीही नाही. त्यांनी डब्यातला उरलेला पोळीचा अर्धा रोल काढला, कागद सोडवला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हातारीने एक घास घेतला, तिखट लागला असावा, डोळे पुसले आणि दुसरा घेतला.

आमची गाडी आली. मी पुढे होऊन दाराचं बटण दाबलं आणि वळून बघितलं. अहिल्याताईंनी मला हातानेच सांगितलं, तू जा. अन्वीला शाळेतून आणायचं होतं, मला जावंच लागलं. गाडी सुटली तेव्हा म्हातारी पुन्हा बोलायला लागली होती, आणि निळ्या कोटातल्या अहिल्याताई तिच्याकडे किंचित झुकून ऐकत होत्या.